साठ्याची खबर

भोर घाटाच्या पायथ्याशी रूळ अडले आणि तिथून खोपोलीच्या आधुनिक इतिहासाला सुरुवात झाली. १८५६ मध्ये ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वे मुंबईहून इथवर पोचली. इंग्रजी कागदपत्रांत गावाचे नाव तेव्हा ‘कॅम्पुली’ असे लिहीत. दोन वर्षांनी घाटमाथ्यावर खंडाळा ते पुणे गाडी धावू लागली, पण मधला डोंगर तसाच राहिला. उतारू खोपोलीला उतरायचे, पालखीतून, तट्टावरून किंवा पायी घाट चढायचे आणि वर दुसरी गाडी पकडायचे. १८६३ मध्ये लोहमार्गाने घाट सर केला तो पळसदरीकडून. मुख्य मार्ग निघून गेला आणि खोपोली एका फाट्यावरचे शेवटचे स्टेशन होऊन राहिली.

ज्या उंचीने रेल्वेला अडवले, तीच पुढे पन्नास वर्षांनी खोपोलीची कमाई ठरली.

लोणावळ्याच्या माथ्यावर पाऊस कोसळतो तो जून ते सप्टेंबर. मुंबईच्या गिरण्यांना मात्र बाराही महिने ताकद लागायची, आणि ती येत होती दूरच्या खाणींतल्या कोळशावर चालणाऱ्या वाफेच्या इंजिनांतून. सह्याद्रीचे पाणी अडवून ते कोकणात सोडावे आणि त्यावर वीज करावी, ही कल्पना डेव्हिड गॉस्टलिंग या वास्तुविशारदाने मांडली. जमशेदजी टाटांनी ती मनावर घेतली, पण १९०४ मध्ये ते वारले. योजना उभी राहिली ती दोराबजी टाटांच्या काळात. १९१० मध्ये टाटा हायड्रो-इलेक्ट्रिक पॉवर सप्लाय कंपनी नोंदली गेली, फेब्रुवारी १९११ मध्ये गव्हर्नर सर जॉर्ज क्लार्क यांच्या हस्ते लोणावळ्याला धरणाची कोनशिला बसली आणि फेब्रुवारी १९१५ मध्ये लॉर्ड विलिंग्डन यांच्या उपस्थितीत खोपोलीची वीज मुंबईकडे निघाली. सुमारे सत्तर किलोमीटर तारांतून येऊन ती परळच्या केंद्रात उतरली आणि तिथून गिरण्यांत पोचली.

मोठेपण धरणांचे मानले जाते, पण या योजनेचे खरे कौशल्य साठ्यांच्या साखळीत आहे. लोणावळा, वळवण आणि शिरवता हे मोठे जलाशय पावसाळ्यात भरून घ्यायचे. तिथून पाणी बांधीव नाल्यांतून खंडाळ्याच्या कड्यापाशी आणायचे आणि तिथल्या छोट्या साठ्यात, म्हणजे फोरबेमध्ये, धरायचे. फोरबेपासून पोलादी पाईप कड्यावरून खाली उतरतात, पाचशे मीटरहून अधिक. तळाशी पाण्याचा झोत पेल्टन चक्राच्या वाट्यांवर आदळतो आणि जनित्र फिरते. काम संपलेले पाणी पाताळगंगेत जाते. घाटमाथ्यावर इंद्रायणीचे म्हणून पूर्वेला वाहणारे हे पाणी खोपोलीत पश्चिमवाहिनी होते, आणि खालापूर तालुक्यात पाताळगंगा भर उन्हाळ्यातही वाहती राहते ती त्यामुळेच. तिच्या काठची कारखानदारी त्या पाण्यावर उभी आहे.

छोट्या साठ्याची गरज का, याचे उत्तर वेगांच्या फरकात आहे. मुंबईत गिरण्या सुरू होताना किंवा सुटताना विजेची मागणी बघता बघता बदलायची. तळावरचे चक्र त्या बदलाला क्षणात जुळवून घेऊ शकते. जलाशयाचा दरवाजा उघडल्यावर नाल्यातून पाणी कड्यापर्यंत यायला मात्र वेळ लागतो. या दोन वेगांमधला फरक फोरबे पोटात घेतो. वरून कमी आले तरी खाली कमी पडू देत नाही, वरून जास्त आले तर काही वेळ धरून ठेवतो.

पण तो लहान आहे, आणि त्याची पातळी ठाऊक नसताना वीज मागणे धोक्याचे. पातळी फार खाली गेली तर पाईपात हवा शिरते; फार वर गेली तर साठवलेले पाणी वाया जाते. म्हणून खोपोलीच्या पॉवर हाऊसमध्ये बसलेल्या माणसाला माथ्यावरची पातळी कळणे ही यंत्राइतकीच महत्त्वाची गोष्ट. पातळीची मोजपट्टी, टेलिफोन, तासातासाची नोंदवही ही सगळी व्यवस्था त्यासाठी. साठा आहे एकीकडे, निर्णय घेणारा बसला आहे दुसरीकडे, आणि त्याला खरी खबर मिळाली नाही तर त्याचा प्रत्येक निर्णय बरोबर असूनही परिणाम चुकतो.

पुढे जाळे वाढले. कर्जत तालुक्यातले भिवपुरी केंद्र १९२२ मध्ये सुरू झाले, भिरा १९२७ मध्ये. भिरासाठी मुळशीत जे धरण झाले त्याची किंमत तिथल्या मावळ्यांनी जमिनी देऊन मोजली. सेनापती बापटांनी लढवलेला मुळशी सत्याग्रह या विजेच्या इतिहासातून वगळता येत नाही आणि वगळूही नये. १९५६ मध्ये ट्रॉम्बेला औष्णिक केंद्र आले आणि खोपोलीची भूमिका बदलली. कोळशाचे किंवा तेलाचे बॉयलर सावकाश तापतात, त्यांनी दिवसभराचा सरळ भार उचलावा. पाण्याची चक्रे मिनिटांत वेग घेतात, त्यांनी सकाळ-संध्याकाळचे चढ-उतार सांभाळावेत. आता कुठल्या केंद्राने किती वीज द्यायची हे कुणीतरी एका जागी बसून, सगळ्यांची स्थिती समोर ठेवून ठरवणे भाग होते. या कामाला लोड डिस्पॅच म्हणतात. सरकारी मराठीत भार प्रेषण.

टाटांच्या या वीज कंपन्यांत, म्हणजे टाटा इलेक्ट्रिकमध्ये, हे काम ज्यांनी बसवले त्यांतले एक नाव पुढे वेगळ्याच क्षेत्रात गाजले. फकीरचंद कोहली १९२४ मध्ये पेशावरला जन्मले, कॅनडातल्या क्वीन्स विद्यापीठात आणि अमेरिकेत एमआयटीत विद्युत अभियांत्रिकी शिकले, न्यू इंग्लंडमधल्या वीज कंपन्यांत जाळ्याचे नियंत्रण कसे चालते ते पाहून १९५१ मध्ये मुंबईत टाटा इलेक्ट्रिकमध्ये दाखल झाले. मुंबईत टाटा मूलभूत संशोधन संस्थेत १९६४ साली सीडीसी ३६०० हा मोठा संगणक आला, तेव्हा वीजजाळ्याची गणिते त्यावर सोडवून घेणाऱ्यांत टाटा इलेक्ट्रिकचे अभियंते होते. साठच्या दशकाच्या उत्तरार्धात कंपनीने जाळ्याच्या नियंत्रणासाठीच डिजिटल संगणक आणला. जगातल्या अगदी मोजक्या वीज कंपन्यांनी तोवर असे धाडस केले होते.

१ एप्रिल १९६८ रोजी टाटा कन्सल्टन्सी सर्व्हिसेस सुरू झाली आणि पुढच्या वर्षी कोहलींना तिकडे बोलावण्यात आले. भारतातल्या सॉफ्टवेअर उद्योगाच्या घराण्याचा एक धागा असा थेट सह्याद्रीच्या पाण्याशी जाऊन भिडतो. या गोष्टीचा रायगडकरांनी अभिमान बाळगायला हवा. खोपोलीत तिची आठवण फारशी निघत नाही. टीसीएसच्या सुरुवातीच्या कामांत सेंट्रल बँकेच्या शाखा-शाखांमधल्या नोंदी जुळवण्याचे काम होते. एका शाखेने पैसे पाठवल्याची नोंद केली, दुसऱ्या शाखेत ते पोचल्याची नोंद झाली का, हे यंत्राने शोधायचे. पाठवल्याची नोंद आणि पोचल्याची नोंद या दोन निरनिराळ्या गोष्टी आहेत, हे वीजवाल्यांना आणि बँकवाल्यांना संगणकाआधीपासून पक्के ठाऊक होते. नियंत्रण कक्षातून ब्रेकर उघडण्याची आज्ञा गेली म्हणून तो उघडला असे तिथे कुणी धरत नाही. ब्रेकरची प्रत्यक्ष स्थिती सांगणारा संकेत वेगळ्या वाटेने परत येतो, आणि तो आल्यावरच पुढचे काम.

संगणकाच्या डिस्कने मात्र ही शिस्त मोडली, आणि ती पुन्हा बसवायला वीस-पंचवीस वर्षे गेली.

पहिली चकती-डिस्क आयबीएमने १९५६ मध्ये विकायला काढली, ट्रॉम्बे सुरू झाले त्याच वर्षी. रॅमॅक नावाच्या त्या यंत्रात दोन-दोन फूट व्यासाच्या पन्नास चकत्या फिरत आणि सगळ्या मिळून पन्नास लाख अक्षरे मावत. संगणकाचा मेंदू, म्हणजे प्रोसेसर, आणि चकती यांच्या वेगातली दरी तेव्हापासूनची आहे. आजची साधी डिस्क मिनिटाला ७,२०० फेरे घेते, म्हणजे एका फेऱ्याला आठ मिलिसेकंदांहून थोडे अधिक. वाचणारे-लिहिणारे डोके योग्य जागी सरकायला तेवढाच वेळ आणखी. इकडे तिकडे विखुरलेल्या जागी लिहायचे तर सेकंदाला शंभरेक नोंदी झाल्या की डिस्क दमली. प्रोसेसर तेवढ्या वेळात अब्जावधी क्रिया करून वाट बघत बसतो.

तोडगा खोपोलीचाच: मध्ये एक छोटा, चपळ साठा. नोंद आधी त्यात घ्यायची, सवडीने चकतीवर उतरवायची. या साठ्याला कॅश म्हणतात. युनिक्समध्ये असा साठा संगणकाच्या स्वतःच्या मेमरीत असे आणि दर तीस सेकंदांनी तो डिस्ककडे रवाना होई. ज्या प्रोग्रॅमला एवढे थांबणे परवडत नव्हते, उदाहरणार्थ बँकेचा हिशेब ठेवणाऱ्याला, त्याच्यासाठी १९८३ च्या बर्कली युनिक्समध्ये एफसिंक ही आज्ञा आली: ही फाईल आत्ता डिस्कवर उतरव, उतरल्यावर मला सांग.

इथवर साठा ऑपरेटिंग सिस्टिमच्या ताब्यात होता. त्यात काय आहे आणि काय उतरले, हे तिला ठाऊक असे. १९८६ च्या सुमारास आयडीई डिस्क आली आणि चित्र पालटले. डिस्क चालवणारे इलेक्ट्रॉनिक्स तोवर संगणकातल्या कार्डावर असायचे, ते आता डिस्कच्याच पाठीवर बसले. संगणकाला चकत्या आणि डोकी दिसेनाशी झाली; दिसू लागले फक्त क्रमांक लावलेले कप्पे. डिस्कला स्वतःचा छोटा प्रोसेसर मिळाला आणि स्वतःची मेमरी, आधी काहीशे किलोबाइट, २००० नंतर आठ मेगाबाइट, हल्ली मोठ्या डिस्कमध्ये २५६ मेगाबाइट. म्हणजे मधला साठा आता दोन ठिकाणी झाला, आणि दुसरा ऑपरेटिंग सिस्टिमच्या नजरेआड.

या दुसऱ्या साठ्यात नोंद पडली रे पडली की डिस्क कळवू लागली, ‘झाले’. चकतीवर अजून काहीच उतरलेले नसे. वेगाच्या चाचण्यांत अशी डिस्क उजवी ठरे आणि ग्राहक तीच घेई, म्हणून घरगुती डिस्कांमध्ये ही सोय कारखान्यातूनच चालू होऊन येऊ लागली. सर्व्हरसाठीच्या स्कझी डिस्कांत ती बरेचदा बंद असे. वीज चालू आहे तोवर फरक कुणाला जाणवत नाही. वीज गेली की डिस्कच्या मेमरीतले सगळे पुसले जाते, आणि ज्या नोंदी ‘झाल्या’ असे सांगितले होते त्या कुठेच नसतात.

नुसती शेवटची नोंद जाण्याने फारसे बिघडत नाही. बिघडते ते क्रम मोडल्याने. आपली सोय पाहून डिस्क कॅशमधल्या नोंदी मागे-पुढे उतरवते. ‘पैसे जमा झाले’ हा शिक्का आधी उतरला आणि रकमेची ओळ मागे राहून गेली, तर चालू होणाऱ्या संगणकाला अर्धवट हिशेब पूर्ण वाटतो. जर्नल ठेवणाऱ्या फाईल सिस्टिम आणि डेटाबेस या दोन्हींची इमारत क्रमाच्या भरवशावर उभी आहे. पाया हलला की वरची सगळी हुशारी निरुपयोगी.

पहिला मोठा बोभाटा गेलेल्या विजेने नव्हे, संगणकाने स्वतःच बंद केलेल्या विजेने झाला. नव्वदच्या दशकाअखेर असे संगणक आले की ‘शट डाउन’ म्हटल्यावर ऑपरेटिंग सिस्टिमच वीज तोडते. विंडोज ९८ हे काम इतक्या तत्परतेने करी की जलद संगणकांत डिस्कचा कॅश रिकामा होण्याआधीच अंधार होई. पुढच्या वेळी संगणक सुरू केला की डिस्क तपासणीचा निळा पडदा. मायक्रोसॉफ्टने दुरुस्ती दिली ती वीज तोडण्याआधी थोडे थांबण्याची. किती थांबायचे याला आधार एवढाच की एवढ्यात बहुधा उतरले असेल. अंदाजावर चाललेला हा कारभार होता, आणि तो चालवून घ्यावा लागला.

त्याच काळात फ्रीबीएसडी या मुक्त ऑपरेटिंग सिस्टिमच्या लोकांनी सरळ बाणा दाखवला. २००१ च्या ४.३ आवृत्तीत त्यांनी आयडीई डिस्कांचा लेखन-कॅश आपणहून बंद करून टाकला आणि कारणही स्पष्ट लिहिले: या डिस्का काम पुरे झाल्याबद्दल खोटे सांगतात. लिहिण्याचा वेग दणकन उतरला. तक्रारी इतक्या आल्या की पुढच्याच ४.४ आवृत्तीत तो निर्णय फिरवावा लागला. बरोबर होते ते फ्रीबीएसडीवाले. पण हिशेब हरवला तर वापरणाऱ्याला कधीतरी कळते, वेग हरवलेला त्याच दुपारी कळतो, आणि त्या वर्षी दुपारच जिंकली.

खरा उपाय हळूहळू मानकांतून आला. स्कझीमध्ये कॅश उतरवण्याची आज्ञा आधीपासून होती. एटीए, म्हणजे आयडीई घराण्यातल्या, डिस्कांसाठी तशी आज्ञा नव्वदच्या दशकाअखेर ठरली: जे काही हातात आहे ते सगळे चकतीवर उतरव, मगच उत्तर दे. आता ऑपरेटिंग सिस्टिमने योग्य क्षणी ही आज्ञा सोडायची, एवढेच उरले. त्यासाठी तिला एक गोष्ट आधी माहीत हवी, ती म्हणजे या डिस्कचा लेखन-कॅश चालू आहे की बंद.

लिनक्स ही ऑपरेटिंग सिस्टिम डिस्क ओळखतानाच हे विचारून घेते. कॅश चालू असे उत्तर आले तर त्या डिस्कला ‘राइट बॅक’ असा शेरा मिळतो आणि एफसिंकच्या वेळी उतरवण्याची आज्ञा जाते. बंद असेल तर शेरा ‘राइट थ्रू’, आणि आज्ञा पाठवलीच जात नाही. जे पोचते ते चकतीवरच पोचते असे धरले जाते. या शेऱ्यात दोन प्रकारच्या चुका होऊ शकतात आणि त्यांचे वजन सारखे नाही. कॅश बंद असताना चालू समजले तर काही आज्ञा फुकट जातात. चालू असताना बंद समजले तर उतरवण्याची आज्ञा कधीच जात नाही, डिस्क ‘झाले’ म्हणत राहते, ऑपरेटिंग सिस्टिम तोच शब्द डेटाबेसला देते, डेटाबेस माणसाला. पडद्यावर एकही इशारा येत नाही.

आणि अशी चूक होणे अवघड नाही. एचडीपार्म नावाचे जुने साधन डिस्कशी थेट बोलते. त्याने कॅशची कळ फिरवली तर डिस्क बदलते, पण कर्नलच्या, म्हणजे लिनक्सच्या गाभ्याच्या, कानावर ते जाईलच असे नसते. मध्येच डिस्कची वीज गेली आणि परत आली तर ती कारखान्यातल्या मूळ सेटिंगवर जाऊ शकते, कर्नलपाशी मात्र आधीचाच शेरा. स्कझीच्या मानकात याची काळजी घेतलेली आहे: दुसऱ्या कुणी सेटिंग बदलले तर डिस्क पुढच्या आज्ञेला उत्तर देताना ‘माझे सेटिंग बदलले आहे’ असा संकेत देते. एटीए डिस्क मात्र विचारले तर सांगते. यूएसबीच्या डबीत बसवलेल्या डिस्कची तर तऱ्हाच निराळी. मधली चिप बरेचदा कॅशची माहिती पुढे देत नाही. लिनक्सवर पेन ड्राइव्ह किंवा अशी डिस्क लावून कर्नलच्या नोंदी वाचणाऱ्याला ‘अझ्युमिंग ड्राइव्ह कॅश: राइट थ्रू’ ही ओळ पुष्कळदा दिसते. तिचा अर्थ कर्नलला उत्तर मिळालेले नाही आणि त्याने कॅश नाही असे गृहीत धरले आहे. दोन चुकांतली महागडी चूक नेमकी याच गृहीतकात दडलेली असते.

२०१० ते २०१३ या काळात लिनक्समध्ये या प्रश्नावर नेटाने काम झाले. आधी ‘बॅरियर’ नावाची अवजड व्यवस्था होती. आज्ञांचा क्रम मोडू नये म्हणून ती सगळी रांग थांबवी, आणि वेग जातो म्हणून ईएक्सटी-३ सारख्या प्रचलित फाईल सिस्टिममध्ये ती मुळात बंदच असे. ईएक्सटी-४ आली तेव्हा ती चालू करून देण्यात आली. कर्नलचा विकासक तेजुन हो याने २०१० मध्ये बॅरियर काढून त्याजागी साधी, नेमकी व्यवस्था आणली: गरज असेल तिथे कॅश उतरव, किंवा ही एक नोंद थेट चकतीवर घाल. जानेवारी २०११ च्या २.६.३७ आवृत्तीत ती सर्वांना मिळाली. पुढे कर्नलमधूनच कॅशची कळ फिरवण्याची वाट एटीए डिस्कांसाठीही खुली झाली, म्हणजे डिस्क बदलते आणि कर्नलचा शेराही तिच्याबरोबर बदलतो. ही कळ म्हणजे कर्नलने दाखवलेली एक फाईल; तिच्यात सेटिंगच्या आधी ‘टेम्पररी’ हा शब्द लिहिला तर डिस्कला हात न लावता फक्त कर्नलची समजूत बदलते. ज्या सर्व्हरमध्ये बॅटरीवाला कंट्रोलर आहे आणि वीज गेली तरी कॅश जपला जातो, तिथे हे उपयोगी पडते. बाकीच्यांनी त्या वाटेला जाऊ नये. पुढे रांगेच्या पातळीवर आणखी एक कळ आली, ‘राइट कॅश’ नावाची; तीही फक्त समजूत बदलते, डिस्कला नाही. अनेक व्यवस्थापक या दोन कळांत गल्लत करतात.

दरम्यान वीज गेल्याचे धडे मिळतच होते. जानेवारी २००५ मध्ये अमेरिकेतल्या लाइव्हजर्नल या लोकप्रिय सेवेच्या डेटा सेंटरची सगळी वीज गेली. सेवा पूर्ववत व्हायला दिवसाहून अधिक लागला, कारण डेटाबेसची एकामागून एक यंत्रे बिघडलेल्या हिशेबासह उठत होती. तिचा संस्थापक ब्रॅड फिट्झपॅट्रिक याने मग छोटासा चाचणी-प्रोग्रॅम लिहिला. दोन संगणक घ्यायचे. पहिला डिस्कवर नोंदी लिहितो, एफसिंक करतो, आणि ‘झाले’ असे उत्तर आले की दुसऱ्याला कळवतो. मग पहिल्याची वायर उपटायची. परत चालू केल्यावर दुसऱ्याच्या यादीतली प्रत्येक नोंद पहिल्याच्या डिस्कवर आहे का ते पाहायचे. एकही नोंद गहाळ असेल तर त्या साखळीत कुणीतरी खोटे बोलले. लोड डिस्पॅचवाल्यांची वेगळ्या वाटेने येणाऱ्या संकेताची युक्ती इथे डिस्कला लावलेली आहे.

चकत्या जाऊन चिप आल्या म्हणजे प्रश्न मिटला, असा समज २०१३ मध्ये मोडला. अमेरिकेतल्या संशोधकांनी १५ एसएसडी घेऊन त्यांची वीज पुन्हा पुन्हा तोडली. १३ मध्ये बिघाड निघाला, नोंदी गहाळ होण्यापासून ते डिस्क संपूर्ण निकामी होण्यापर्यंत. एसएसडीलाही कॅश असतो आणि तोही विजेवर जगतो. महागड्या सर्व्हर-एसएसडींमध्ये वीज गेल्यावर तेवढे काम उरकण्यापुरती ताकद धरणारे कपॅसिटर असतात. स्वस्तात घेतलेल्या एसएसडीत ते आहेत असे समजू नये.

महाराष्ट्रात या विषयाचे वजन इतरांपेक्षा जास्त आहे, कारण इथल्या कार्यालयांत संगणक आले ते भारनियमनाच्या काळात. २००५ नंतरची काही वर्षे राज्याच्या ग्रामीण भागात तासन् तास वीज नसे. मुंबई त्यातून वगळलेली. ज्या डोंगरातून मुंबईला १९१५ पासून वीज मिळत आली, त्याच जिल्ह्यातल्या गावांनी वीज नसलेली रात्र काढावी, हा अन्याय होता. त्या वर्षांत पतसंस्था, दवाखाने, तहसील कार्यालये यांनी यूपीएस आणि इन्व्हर्टर घेतले, पण यूपीएसची बॅटरी दोन-तीन वर्षांत मरते आणि ती मेली आहे हे वीज जाते तेव्हाच कळते.

मुंबईलाही तो धडा मिळाला. १२ ऑक्टोबर २०२० रोजी सकाळी दहाच्या सुमारास कळवा-पडघा भागातल्या वाहिन्या बंद पडल्या, शहराला उरलेल्या जाळ्यापासून अलग करून वाचवणारी आयलँडिंग योजना या वेळी टिकली नाही, लोकल गाड्या जागीच थांबल्या. टाटा पॉवरने, म्हणजे पूर्वीच्या टाटा इलेक्ट्रिकने, त्या दिवशी कळवले की जलविद्युत संच आणि ट्रॉम्बेचे संच मिळून पुरवठा परत उभा केला जात आहे. अंधारलेल्या जाळ्यात पहिली वीज घालायला पाण्याचे चक्र सर्वांत भरवशाचे. त्याला सुरू व्हायला बाहेरची वीज जवळपास लागत नाही. खोपोलीचे ७२ मेगावॉट, भिवपुरीचे ७५ आणि भिऱ्याचे ३०० ही बेरीज आजच्या मुंबईच्या भुकेपुढे लहान आहे, पण अशा सकाळी तिची किंमत आकड्याने मोजता येत नाही.

खोपोली, कर्जत, खालापूरच्या पतसंस्थांनी, रुग्णालयांनी आणि कारखान्यांच्या लेखा विभागांनी म्हणून एक गोष्ट करावी. नवा सर्व्हर हिशेबाला लावण्याआधी पुरवठादाराला समोर बसवून ती दोन संगणकांची चाचणी करून घ्यावी, यूपीएस बाजूला काढून, वायर खरोखर उपटून, एकदा नव्हे तर अनेकदा. त्याआधी डिस्क स्वतःच्या कॅशबद्दल काय सांगते आणि ऑपरेटिंग सिस्टिम तिच्याबद्दल काय समजते, ही दोन्ही उत्तरे कागदावर शेजारी शेजारी लिहून घ्यावीत. ती जुळत नसतील तर त्या यंत्रावर एकही खाते चढवू नये. डिस्क बदलली, कंट्रोलर बदलला किंवा ऑपरेटिंग सिस्टिमची नवी आवृत्ती घातली की ही तपासणी पुन्हा करावी.